‘मधुमेह’ हा शब्द ‘डायबेटीस’चं भाषांतर आहे का?

नाही. आधुनिक वैद्यकातले बरेच मराठी शब्द इंग्रजीवरून घडवले गेले, म्हणून शंका येणं साहजिक आहे. हा शब्द मात्र चरक-सुश्रुतांच्या संहितांमध्येच सापडतो. तिथे प्रमेहाचे, म्हणजे लघवीच्या विकारांचे, वीस प्रकार दिले आहेत आणि मधुमेह हा त्यांतला एक.

गंमत ‘मेह’मध्ये आहे. तो ‘मिह्’ या संस्कृत धातूवरून आला. त्याचा अर्थ शिंपणे, ओतणे, आणि त्यावरूनच लघवी करणे. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या प्राचीन ग्रंथात, ‘मेघ’ची व्युत्पत्तीही याच धातूपासून दिली आहे. आभाळातला ढग आणि हा आजार असे चुलतभाऊ निघाले! मधुमेह म्हणजे मधासारखी लघवी. तिला मुंग्या लागतात, हे लक्षण चरकसंहितेत नोंदवलेलं आहे.

ग्रीक ‘डायबेटीस’मध्ये गोडाचा मागमूसही नाही. त्याचा अर्थ आरपार जाणारा, किंवा पाणी खेचून बाहेर सोडणारी वक्रनळी. प्यायलेलं पाणी शरीरात न थांबता तसंच निघून जातं, एवढंच त्यात आलंय. तमिळमधला ‘नीरिळिवु’ही पाणी वाहून जाण्याबद्दलच बोलतो. युरोपात लघवीच्या गोडीवर बोट ठेवलं ते थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने, सतराव्या शतकात. पुढे ‘डायबेटीस’ला ‘मेलिटस’ हे लॅटिन शेपूट जोडलं गेलं, म्हणजे मधाने गोड झालेला. म्हणजे मधाच्या बाबतीत भाषांतर म्हणायचंच तर उलट दिशेने म्हणावं लागेल. अर्थात कुणी कुणाचं उचललं असं दिसत नाही, गोडी दोघांनाही आपापल्या परीने कळली. (चरकाला मुंग्यांवरून, विलिसला चव घेऊन. हो, चव.) ती गोडी साखरेचीच, हे मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज डॉक्टरने 1776 मध्ये दाखवलं.

गोड नसलेला एक डायबेटीसही आहे, ‘इन्सिपिडस’, म्हणजे बेचव. त्याचा साखरेशी संबंध नाही, पण नावामुळे डॉक्टर-नर्सही गोंधळायचे आणि रुग्णांना चुकीचे उपचार मिळायचे. म्हणून 2022 मध्ये तज्ज्ञांनी त्याचं नाव बदलायचं सुचवलं.

राहता राहिली आपली बोलीतली ‘शुगर’. ‘मला शुगर आहे’ हे इंग्रजाळलेलं मराठी म्हणून काहींना खटकतं. मला खटकत नाही, कारण ‘शुगर’ म्हणजे आपलीच ‘शर्करा’, फारसी-अरबी मुलूख आणि युरोप फिरून आलेली. जर्मन लोक या आजाराला ‘त्सुकरक्रांकहाइट’ म्हणतात. त्यातला ‘त्सुकर’सुद्धा तीच.