विमानात दुर्बीण कशाला बसवायची? आणि आता जेम्स वेब असताना तिची गरज उरलीय का?

तुमचे दोन प्रश्न आहेत, नासाने जंबो जेटमध्ये सोफिया ही दुर्बीण का बसवली, डोंगरावर का नाही, आणि जेम्स वेब ही अवकाशातली दुर्बीण आल्यावर सोफियाचं काम संपलं का.

पहिल्याचं कारण वाफ. आमच्या ठाण्यात ऑक्टोबरात आकाश मोकळं झालं की टेरेसवरून गुरू-शनी मस्त दिसतात, पण त्याच स्वच्छ दिसणाऱ्या हवेत न दिसणारी वाफ भरपूर असते आणि दूरच्या इन्फ्रारेडचा (म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, लांब तरंगलांबीच्या किरणांचा) जवळपास सगळा प्रकाश तीच अडवते. शिवाय हवा स्वतःच इन्फ्रारेडमध्ये चमकते, म्हणजे भर दुपारी काजवा शोधण्यातला प्रकार. हवाईतल्या ४२०० मीटर उंच मौना केआ डोंगरावरही हे पुरतं टळत नाही. सोफिया साधारण १२ ते १३ किमी उंचीवर उडायची, तिथे ९९ टक्के वाफ खाली राहते.

विमान म्हणजे बोइंग ७४७ एसपी, नासा आणि जर्मनीची अवकाश संस्था डीएलआर यांचं मिळून. मागच्या बाजूला चक्क दार उघडायचं आणि आत २.७ मीटरचा आरसा. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की दुर्बीण फक्त डावीकडेच बघू शकायची, त्यामुळे कुठला तारा बघायचाय त्यावरून विमान कुठे न्यायचं ते ठरायचं, तारा बदलला की दिशा बदला, आणि हे सगळं करत पहाटेपर्यंत परत तळावर यायचं! उतरल्यावर उपकरण बदलता यायचं, नवीन बसवता यायचं, उपग्रहात हे कुठून होणार.

चंद्राच्या उन्हातल्या क्लॅव्हियस विवरात पाण्याचे रेणू असल्याचं २०२० ला जाहीर झालं ते सोफियामुळेच. त्याआधी २०१९ ला हेलियम हायड्राइड, विश्वातला पहिला रेणू मानतात तो, एनजीसी ७०२७ या नेब्युलात (वायूच्या ढगात) सापडल्याचं प्रसिद्ध झालं.

आता वेब. वेब जबरदस्तच आहे पण ती साधारण २८ मायक्रॉन तरंगलांबीपर्यंतच बघते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि हेलियम हायड्राइड ज्या प्रकाशरेषेवरून ओळखला ती १४९ मायक्रॉनला आहे. त्या पट्ट्यात बघणारी हर्शेल ही अवकाश दुर्बीण २०१३ ला थांबली, सोफिया खर्चाच्या कारणाने सप्टेंबर २०२२ ला बंद केली, आणि माझं स्पष्ट मत आहे की ते चुकलं, कारण तारे जिथे जन्मतात ते थंड ढग याच पट्ट्यात सगळ्यात जास्त चमकतात.

आपल्याकडे मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने हेच काम फुग्याने केलंय, हैदराबादहून १ मीटरची दुर्बीण फुग्याला लावून वर सोडतात. विषयात रस असेल तर त्यांचं काम नक्की वाचा.