वाचकांचे प्रश्न : काचेचं घर आणि कोकणातला पाऊस

प्रश्न : चिपळूणजवळ घर बांधतोय. बायकोला 1950च्या काळातल्या अमेरिकन घरांसारखं हवंय, सपाट स्लॅब, पश्चिमेला खालपासून वरपर्यंत काच. गवंडी म्हणतो, साहेब नको. काय करू?

उत्तर : गवंड्याचं ऐका, पण अर्धंच. ती घरं बरीचशी कॅलिफोर्नियातली, तिथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच आणि तुमच्याकडे चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास, तोही वाऱ्याबरोबर आडवा, त्यामुळे सपाट स्लॅबला दोन-तीन वर्षांत ओल येते आणि मग वर पत्र्याची शेड घालावी लागते, झालं तुमचं मॉडर्न!

जमलं तर पुदुच्चेरीचं गोलकोंड, म्हणजे अरविंद आश्रमाचं वसतिगृह बघा, वास्तुविशारद अँटोनिन रेमंडने केलेलं, 1942च्या सुमारास पूर्ण झालं. उत्तर-दक्षिण बाजूंना भिंतीऐवजी फिरवता येणाऱ्या आडव्या पट्ट्या आहेत, ऊन अडतं, वारा आरपार जातो. स्लॅबवर काँक्रीटची वक्र कौलं, मधे हवेला जागा. तुम्ही स्लॅबवर उतरती मंगलोरी कौलं घाला, स्लॅब आणि कौलांच्या मधे हवेसाठी फट ठेवा.

आणि पश्चिमेचा व्ह्यू हवाच असेल तर वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची मुंबईतली कांचनजुंगा ही उंच निवासी इमारत आठवा, 1983ची. समुद्र, वारा, ऊन, पाऊस सगळं पश्चिमेकडूनच, म्हणून त्यांनी खोल्या आत ढकलून कोपऱ्यात दोन मजली उंचीच्या गच्च्या दिल्या. म्हणजे आपली पडवीच की हो! वहिनींना काच द्या, पण आठ फूट पडवीच्या आत, आणि वरच्या झडपा उघडणाऱ्या ठेवा, नाहीतर मे महिन्यात आत भट्टी.