बायोगॅसवरचा फ्रिज आणि पंचवीस लाखांची नोटीस

प्रश्न: सांगली जिल्ह्यात माझं फ्रिज दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. हॉटेलांतून भंगारात निघणाऱ्या मिनीबारचं चालू कूलिंग युनिट काढून मी त्याला पफचा (उष्णता अडवणाऱ्या फोमचा) बॉक्स करतो आणि हीटरच्या जागी गोबरगॅसचा बर्नर बसवतो. जनावरांचे डॉक्टर त्यात औषधं आणि लशी ठेवतात. २०१७ पासून हे बॉक्स विकतोय. आता एका कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आहे. आमच्या पेटंटचं उल्लंघन झालं, १५ दिवसांत उत्पादन बंद करा, २५ लाख भरा, शिल्लक माल ताब्यात द्या, नाहीतर फौजदारी कारवाई करू, असा मजकूर आहे. त्यात दोन नंबर दिलेत. एक पेटंट मिळालेलं आहे, त्याला दहा महिने झाले. दुसरा नुसता अर्ज आहे. कंपनीच्या पत्रकावर मात्र दोन्ही नंबरांखाली ‘पेटंट असलेलं आइन्स्टाईन तंत्रज्ञान’ असं छापलंय. भाचा म्हणतो, शंभर वर्षांचं जुनं तंत्र आहे, नोटीस फाडून टाक. एक सांगायला हवं. २०२२ मध्ये एका कृषी प्रदर्शनात मी त्यांचा बर्नर पाहिला आणि नंतर माझा जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारं नोजल) थोडा तसा केला. काय करू? माझ्या बॉक्सचं पेटंट मला मिळेल का?

उत्तर: नोटीस फाडू नका आणि पैसेही भरू नका.

फौजदारी कारवाईची भीती आधी मनातून काढा. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात उल्लंघनासाठी अटक नाही, तुरुंगवास नाही. कलम १०८ खाली कोर्ट मनाई हुकूम देऊ शकतं, नुकसानभरपाई किंवा नफ्याचा हिशेब मागू शकतं, माल जप्त करायला सांगू शकतं. हे सगळं दिवाणी आहे. लहान कारखानदाराला घाबरवण्यासाठी ही ओळ नोटिशीत घुसडण्याची सवय काही वकिलांना आहे. दुसऱ्या नंबराचा तर आज दावाही लावता येत नाही. कलम ११क प्रमाणे अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून हक्क मोजले जातात, पण पेटंट हातात पडेपर्यंत कोर्टात जाता येत नाही. म्हणून तो नंबर विसरूही नका. उद्या पेटंट मिळालं, तर भरपाई प्रसिद्धीच्या तारखेपासून मागितली जाऊ शकते.

आता भाच्याचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यावर कोर्टात उभं राहणं महागात पडतं.

उष्णता देऊन थंडी मिळवायची ही युक्ती फ्रान्सच्या फेर्दिनाँ कारे यांनी १८५९ मध्ये अमोनिया आणि पाणी वापरून पेटंट केली. पाणी अमोनिया शोषून घेतं, तापवलं की सोडतं. मोकळा झालेला अमोनिया आधी थंड होऊन द्रव बनतो आणि मग बाष्प होताना आजूबाजूची उष्णता ओढतो. कारे यांचं यंत्र कारखान्यात बर्फ करायला उत्तम होतं. पण त्यात जास्त दाबाची बाजू आणि कमी दाबाची बाजू वेगळी ठेवावी लागे, म्हणजे झडपा आल्या आणि पंप आला. त्यानंतर १९व्या शतकाच्या अखेरीस गेपर्ट नावाच्या जर्मन संशोधकाने सुचवलं की यंत्रात तिसरा, निष्क्रिय वायू भरून दोन्ही बाजूंचा एकूण दाब सारखाच ठेवावा. त्याने हवा वापरली. हवा अमोनियापेक्षा जड असल्यामुळे आतलं चक्र आपोआप फिरेना.

१९२२ मध्ये स्टॉकहोमच्या तांत्रिक विद्यापीठातल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी हवेऐवजी हायड्रोजन भरला. हायड्रोजन हलका आहे. अमोनिया मिसळलेला वायू जड होऊन खाली उतरतो, अमोनिया पाण्यात गेला की उरलेला हायड्रोजन वर चढतो. द्रव वर नेण्याचं काम बुडबुड्यांची नळी करते. पंप नाही, मोटर नाही, आवाज नाही. हॉटेलच्या खोलीत पाहुण्याच्या उशाशी हाच फ्रिज ठेवतात, त्याचं कारण हा शांतपणा. इलेक्ट्रोलक्स या स्वीडिश कंपनीने १९२५ मध्ये हे हक्क घेतले, पुढे अमेरिकेत सर्व्हेल कंपनीने हेच फ्रिज गॅसवर चालवून विकले. रॉकेलवर चालणाऱ्या याच जातीच्या फ्रिजांनी जगभरात वीज नसलेल्या गावांत लशी सांभाळल्या आहेत. तुमच्या बॉक्समागचं कूलिंग युनिट याच घराण्यातलं आहे.

मग आइन्स्टाईन कुठे आले? बर्लिनमध्ये एका कुटुंबाचा फ्रिजमधून गळलेल्या विषारी वायूने झोपेत जीव गेल्याची बातमी वाचून आइन्स्टाईन आणि त्यांचे भौतिकशास्त्रज्ञ मित्र लिओ सिलार्ड सुरक्षित फ्रिजच्या मागे लागले, असं सांगितलं जातं. त्यांनी मिळून अनेक देशांत पेटंटं घेतली. त्यांपैकी सर्वात प्रसिद्ध पेटंट अमेरिकेचं, क्रमांक १७८१५४१, ११ नोव्हेंबर १९३० चं. त्यात थंडी देणारा पदार्थ ब्युटेन आहे, दाब सांभाळण्याचं काम अमोनियाकडे आहे आणि पाणी अमोनिया शोषतं. हायड्रोजन त्यात नाहीच. तेही हक्क इलेक्ट्रोलक्सच्या घरात गेले आणि त्यावरचा एकही फ्रिज दुकानात आला नाही. (स्वतः आइन्स्टाईन १९०२ ते १९०९ बर्नच्या पेटंट कचेरीत दुसऱ्यांचे अर्ज तपासायचे, त्यामुळे आपला अर्ज कसा लिहायचा हे त्यांना नक्की ठाऊक असणार.)

म्हणजे कंपनीच्या पत्रकातलं ‘आइन्स्टाईन तंत्रज्ञान’ ही जाहिरात आहे, आणि उत्तरासोबत भाच्याने आइन्स्टाईनचं पेटंट जोडलं, तर समोरचा वकील एवढंच लिहील: यात हायड्रोजन नाही, आमचा क्लेम हायड्रोजनच्या यंत्राचा आहे. (क्लेम म्हणजे पेटंटात नेमका कशावर हक्क सांगितलाय ते क्रमांक घातलेलं वाक्य.) तुम्हाला जोडायचंय ते प्लाटेन-मुंटर्स यांचं १९२० च्या दशकातलं पेटंट आणि गॅस बर्नरवाल्या त्यांच्या पुढच्या आवृत्त्या. युरोपीय पेटंट कचेरीच्या एस्पासनेट या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. त्यांची मुदत केव्हाच संपली. अमेरिकेत तेव्हा पेटंट मंजुरीपासून १७ वर्षं चालायचं, आज आपल्याकडे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं. मुदत सरलेल्या पेटंटात लिहिलेलं सगळं तुम्हीआम्ही वापरायला मोकळे.

तरीही ‘तत्त्व जुनं आहे’ एवढ्यावर थांबू नका. तत्त्व जुनं म्हणून पेटंट अडत असतं, तर कारे आणि गेपर्ट यांच्यानंतर त्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांना ते मिळालंच नसतं. एक वायू बदलला आणि अडलेलं यंत्र चालू लागलं, ही खरी भर होती. कंपनीनेही खरी भर घातली असेल, तर तेवढ्या भागापुरतं तिचं पेटंट टिकेल. कोर्ट क्लेमचे शब्द वाचतं, इतिहास त्यानंतर.

तुम्ही पाठवलेला क्लेम १ असा आहे: अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असलेलं, फिरता भाग नसलेलं बंद यंत्र, त्याला जैववायूच्या ज्योतीने उष्णता देणारा बर्नर, ज्योत विझली तर गॅस बंद करणारी झडप. हा क्लेम मला कच्चा वाटतो. पहिला भाग १९२० च्या दशकातला आहे. ज्योतीवर चालणारे असे फ्रिजही तेवढेच जुने. ज्योत विझल्यावर गॅस तोडणारी झडप गॅसच्या उपकरणांत सर्रास असते. उरला जैववायू. ओळखीच्या यंत्राचा नुसता वेगळा वापर हा कलम ३(घ) प्रमाणे शोध ठरत नाही, आणि या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचेल असा बदल असेल, तर कलम ६४ खाली पेटंट रद्द होऊ शकतं. १३ डिसेंबर १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा निकाल इथे तुमच्या कामाचा आहे. भांडी लेथवर पकडण्याच्या साधनाचं पेटंट त्यात रद्द झालं. वर्कशॉपमधली नेहमीची सुधारणा शोध होत नाही आणि पेटंट मिळालं म्हणजे ते वैध आहे असं गृहीत धरता येत नाही, असं कोर्टाने तिथे सांगितलं.

उत्तरात मांडायचा मुद्दा १९१३ साली इंग्लंडमध्ये जिलेट रेझरच्या खटल्यात बसलेला आहे आणि आपल्याकडचे वकीलही तो घेतात. मी जुन्या पेटंटात आहे तेच करतो. माझा बॉक्स तुमच्या क्लेममध्ये बसत असेल, तर तुमचा क्लेम नवा नाही. बसत नसेल, तर उल्लंघन नाही.

क्लेम ४ चं तसं नाही. त्यात दोन छिद्रांचा जेट आहे आणि गोबरगॅसमधलं मिथेन कमीजास्त झालं तरी ज्योत स्थिर ठेवणारी फिरती चकती आहे. असा जेट १९३० च्या कुठल्या फ्रिजला असेल असं मला वाटत नाही. प्रदर्शनात पाहून तुम्ही ‘थोडा तसा’ केला तो भाग हाच असावा. क्लेम १ पडला तरी क्लेम ४ स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो. तेव्हा आजपासून नवीन बॉक्सला तुमचा २०१७ चा साधा जेट लावा आणि बदलाच्या दिवशी तारीख घालून फोटो काढून ठेवा. ‘प्रदर्शनात पाहिलं’ ही गोष्ट उत्तरात लिहू नका. कोर्टात शपथेवर विचारलं, तर मात्र खोटं बोलू नका. तडजोडीची वेळ आली, तर ती फक्त २०२२ नंतरच्या जेटवाल्या बॉक्सांपुरती असेल. असे किती विकले याचा आकडा आत्ताच काढा. २५ लाख कुठून आले, ते कंपनीला तेव्हा सांगावं लागेल.

तुमची २०१७ ची विक्री हे दुसरं हत्यार आहे. पहिल्या पेटंटचा अर्ज क्रमांक २०१९२१ ने सुरू होतो. म्हणजे २०१९ साली मुंबई कार्यालयात केलेला साधा अर्ज. (२०१९२७ असता, तर तो आंतरराष्ट्रीय अर्जावरून आलेला असता आणि त्याची खरी तारीख आणखी मागे गेली असती.) त्याआधी भारतात उघडपणे विकलेल्या वस्तूवर नंतर कुणी पेटंट घेतलं, तर कलम ६४ प्रमाणे ते रद्द होण्याचं कारण ठरतं. पण तुमच्या बिलावर नुसतं ‘गॅस फ्रिज बॉक्स, १ नग’ असं असेल, तर आत काय होतं हे त्यातून कळत नाही. तेव्हाच्या एखाद्या डॉक्टरांकडे तो बॉक्स अजून चालू असेल, तर तो हलवू नका, नोजलही बदलू नका. त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्र घ्या. जुने फोटो ज्या मोबाइलमध्ये आहेत, तो मोबाइल विकू नका.

तारखेचा एक प्रश्न तातडीचा आहे. पेटंट मंजूर झाल्याचं प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत कलम २५(२) खाली पेटंट कार्यालयातच हरकत घेता येते. दहा महिने गेलेत. हा मार्ग हायकोर्टापेक्षा स्वस्त आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अलॉइस वॉबेन विरुद्ध योगेश मेहरा या पवनचक्क्यांच्या खटल्यात ठरवलंय की जो ही हरकत घेतो, त्याला पुढे त्याच पेटंटवर रद्दीचा अर्ज किंवा प्रतिदावा (कंपनीच्या दाव्यातच पेटंट रद्द करण्याची उलट मागणी) करता येत नाही. एक दार निवडलं की दुसरं बंद. कंपनी खरंच दावा लावेल असं वाटत असेल, तर मी प्रतिदावा राखून ठेवेन. प्रतिदावा केला की खटला जिल्हा न्यायालयातून उच्च न्यायालयाकडे जातो, आणि ते कंपनीलाही परवडावं लागतं. कंपनी फक्त नोटिशी पाठवत सुटली असेल, तर हरकत पुरेशी आहे. तुमच्यासारख्या आणखी कुणाला नोटीस गेली आहे का, ते वर्कशॉपवाल्यांच्या ओळखीतून या आठवड्यात काढा. निर्णय त्यावर ठरेल. दुसऱ्या अर्जावर मंजुरीआधीची हरकत कुणालाही घेता येते. २०२४ च्या नियमबदलानंतर तिला फी लागते, तरी ती घ्याच.

दरम्यान जिल्हा न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुमचं न ऐकता मनाई हुकूम होणार नाही. ती ९० दिवस चालते. पंधरा दिवसांच्या आत वकिलामार्फत छोटं उत्तर द्या: उल्लंघन नाकारतो, क्लेम १ वैध नाही, दुसऱ्या नंबरवर धमकी देण्याचा अधिकार नाही. पत्रकावर नुसत्या अर्जालाही पेटंट म्हटलंय, याला कलम १२० खाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हा मुद्दा उत्तरात घालू नका. पत्रकाच्या चार प्रती मात्र जपून ठेवा, तडजोडीच्या टेबलावर उपयोगी पडतील.

पेटंटाइतकीच मला युनिटची काळजी आहे. हे युनिट वेल्ड केलेलं बंद असतं, आत दाबाखालचा अमोनिया आणि हायड्रोजन असतो. ते कापून पुन्हा भरत असाल, तर थांबा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूने इजा झाली, तर उत्पादकाची जबाबदारी आहे, आणि हा बॉक्स जोडून विकणारे उत्पादक तुम्ही आहात.

शेवटचा प्रश्न, तुमच्या पेटंटचा. २०१७ पासून विकत असलेल्या बॉक्सचं पेटंट तुम्हालाही मिळणार नाही. तुमचीच विक्री तुमच्या आड येते. बर्नरमध्ये कंपनीच्या जेटपेक्षा वेगळी सुधारणा सुचली असेल, तर ती पहिल्या गिऱ्हाइकाला देण्याआधी आणि कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकण्याआधी तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करा. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात.