ई-सायकल रात्रभर उघड्यावर असते, पावसासाठी कोणतं कव्हर घेऊ?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पेडलवाली ई-सायकल रात्री उघड्यावर लागते, वर छप्पर नाही, तर जमिनीपर्यंत येणारं जाड प्लास्टिकचं कव्हर घेऊ का? आणि गाडी ‘आयपीएक्स ४’ (पाण्यापासून बचावाचा दर्जा) असेल तर कव्हर लागतं का?

जाड प्लास्टिक जमिनीपर्यंत, तेही चारही बाजूंनी बंद? अजिबात घेऊ नका. ‘एकदा झाकली की चिंता मिटली’ म्हणणाऱ्यांशी माझं यावरून वर्षानुवर्षं वाजतंय. माझ्या बाजूचा पुरावा म्हणून उघडलेल्या एका गाडीचं सांगतो.

३६ व्होल्टची गाडी, मागच्या चाकात मोटर. मालक शिस्तीचा. रोज संध्याकाळी पुसून कव्हर घालायचा, कव्हरच्या कडा विटांनी दाबायचा. पावसात गाडी कधी बाहेर काढली नाही. तक्रार अशी की डिस्प्ले मध्येच विझतो, सकाळी चालू होत नाही आणि दुपारी होतो. (‘दुपारी होतो’ एवढ्यावरच ओळखायला हवं होतं. ऊन लागलं, ओल सुकली, जोड परत लागला.) डिस्प्ले आधीच बदलून झाला होता आणि आता कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा) बदलायचं घाटत होतं. हँडलखालचा पाच पिनांचा गोल कनेक्टर ओढला, तर आत हिरवा कळंक. चार पिना बऱ्या होत्या. लाल तारेची पाचवी झिजून सुईच्या टोकाएवढी राहिली होती आणि हात लावताच तुटली.

नेमकी लालच का? डिस्प्लेच्या लाल तारेवर बॅटरीचा पूर्ण दाब (व्होल्टेज) असतो, डिस्प्ले बंद असला तरीही. बटण फक्त तोच दाब दुसऱ्या तारेवर देऊन कंट्रोलरला जागं करतं. म्हणजे बॅटरी जागेवर आहे तोवर, एकमेकींपासून दोन-तीन मिलिमीटरवरच्या पिनांमध्ये रात्रभर जवळजवळ ४२ व्होल्ट उभे (३६ ची बॅटरी पूर्ण भरली की एवढा दाब देते). ४८ व्होल्टच्या गाडीत, बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर, ५४.६. मध्ये ओलीचा पातळ थर आला की धन पिनेचा धातू विरघळून निघू लागतो. मुलामा चढवताना एका पट्टीचा धातू झिजतो तीच ही क्रिया. नुसती ओल असती तर पिन काळवंडायला बराच काळ गेला असता. विजेचा दाब सोबत असला की काही आठवडे पुरतात.

आणि ओल आली कुठून? पाऊस तर लागलाच नव्हता. ३० अंशांची दमट हवा दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम वाफ धरते, २० अंशांची जेमतेम १७. रात्री प्लास्टिक आणि लोखंड थंड झालं की वरची १३ ग्रॅम पाणी होऊन कव्हरच्या आतल्या बाजूला आणि गाडीवर बसते. दर घनमीटरमागे मोठा चमचाभर पाणी, दर रात्री. सकाळी ऊन आलं की त्याची परत वाफ होते, पण बाहेर जायला वाट नाही. त्यात कव्हर जमिनीला टेकलेलं असलं की खालची ओली फरशी किंवा माती दिवसभर नवी वाफ पुरवत राहते. आत सिलिका जेलच्या पुड्या टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. खालून उघड्या जागेत त्या काही तासांत भिजून निकामी होतात.

म्हणून पहिलं काम कव्हरचं नाहीच. गाडी लावली की बॅटरी काढून घरात न्या. काढता येत नसेल तर बॅटरीवरचा तिचा स्वतःचा स्विच बंद करा; डिस्प्लेवरून बंद करणं पुरेसं नाही. बॅटरी काढल्यावर तिच्या बैठकीतल्या पात्या उघड्या राहतात, त्यांच्यावर रबरी टोपण किंवा निओप्रिनची (रबरी कापडाची) पट्टी बांधा. पट्टी गच्च आवळू नका, खालची बाजू मोकळी राहू द्या. भिजलेली बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही. पुसून तास-दोन तास कोरड्या जागी ठेवा, चार्जिंगचं भोक आतून कोरडं आहे हे बघा, मग लावा. डिस्प्ले निघत असेल तर तोही घरात.

मग कनेक्टर. हे काम एकदाच करायचं, अर्ध्या तासाचं आहे. बॅटरी काढलेली हवी. गोल कनेक्टर सरळ ओढा, पिळू नका, पिना वाकतात. आतली पिना-भोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, दहा मिनिटं सुकू द्या. रबरी कडेला मसुराएवढं सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस लावा, पिनांवर अगदी पातळ. पेट्रोलियमचं ग्रीस नको, त्याने बरीच रबरं फुगतात. दोन्ही भागांवरचे बाण समोरासमोर आणा आणि खुणेच्या रेघेपर्यंत दाबा. भिजलेल्या गाड्यांत सापडणारी चूक हीच: कनेक्टर दोन मिलिमीटर बाहेर राहिलेला, बाहेरून लागल्यासारखा दिसणारा. गंज सोडवायचा स्प्रे मारून काम भागवू नका. तो पाणी हटवतो, पण पुढच्या पावसापर्यंत टिकत नाही, आणि त्याचा फवारा डिस्कवर उडाला तर ब्रेक पॅड गेले म्हणून समजा.

तारांना खाली झोल हवा. तार ज्या भोकातून कंट्रोलरच्या डब्यात किंवा मोटरच्या एक्सलमध्ये शिरते, त्याच्या आधी ती चार-पाच सेंटिमीटर खाली लोंबून मग वर चढली पाहिजे. म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोलाच्या टोकाशी ठिबकून जातं. वरून सरळ उतरणारी तार पाण्याला थेट आत घेऊन जाते. कंट्रोलरच्या डब्याच्या तळाला बारीक भोक असेल तर ते सिलिकॉनने बुजवू नका. डब्यात पाणी कुठून ना कुठून शिरतंच, त्याला निघायची वाट तेवढी एकच. वरच्या फटी हव्या तर बुजवा.

आणखी एक वाट कुणी बघत नाही: सीटचा दांडा. फ्रेममध्ये तो जिथे उतरतो तिथल्या खाचेतून मागच्या चाकाने उडवलेलं पाणीही आत जातं, पेडलच्या धुरीपाशी साठतं, आणि बऱ्याच गाड्यांत पेडल सेन्सर किंवा वायरिंग तिथेच असतं. जुन्या ट्यूबचा आठ सेंटिमीटरचा तुकडा कापून दांड्यावर असा चढवा की खाच झाकली जाईल. धुरीच्या खाली निचऱ्याचं भोक असलं तर त्यातला चिखल काडीने काढा.

थ्रॉटल (पेडल न मारता गाडी पळवणारी मूठ) असेल तर सगळ्यात आधी त्याच्याकडे लक्ष द्या, कारण इथे प्रश्न फक्त खर्चाचा नाही. आत हॉल सेन्सर (मूठ किती पिळली हे चुंबकावरून ओळखणारा) असतो: ५ व्होल्टची तार, ग्राउंड आणि सिग्नल. थ्रॉटल सोडलेला असताना सिग्नल साधारण ०.८ व्होल्ट असतो. ओलीतून ५ व्होल्ट तिकडे झिरपले की कंट्रोलरला वाटतं थ्रॉटल पिळला, आणि गाडी आपोआप झेप घेते. रात्रभर झोडपून पाऊस पडला असेल तर सकाळी बसायच्या आधी मागचं चाक उचलून गाडी चालू करा. चाक फिरलं तर बॅटरी काढा आणि थ्रॉटल सुकवा. याच्या उलट, सगळं चालू पण मोटर ढिम्म, असं असेल तर ब्रेक लिव्हरमधला कट-ऑफ स्विच (ब्रेक दाबला की मोटर थांबवणारा) भिजलेला असण्याचा संभव जास्त. दोन्ही ब्रेकचे कनेक्टर एकेक काढून बघा. ज्याच्यामुळे मोटर परत चालते तो सुकवा आणि पुन्हा जोडा. तसाच काढून ठेवू नका.

आता कव्हर. आतून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप असलेलं पॉलिएस्टर, शिवणीवर टेप मारलेली, वर झडपेखाली हवेला दोन खिडक्या, पोटाखालून पट्टा. खालची कड जमिनीपासून १५-२० सेंटिमीटर वर. टायर भिजले तरी काही बिघडत नाही. ब्रेक लिव्हरची टोकं कव्हरला भोक पाडतात, त्यांच्यावर फोमचे तुकडे बसवा. लांबून आल्याबरोबर झाकायचं नाही; मोटर आणि कंट्रोलर तापलेले असतात. ५० अंशांवरून २० वर आल्यावर बंद खोक्यातल्या हवेचा दाब सुमारे ९ टक्क्यांनी घटतो, आणि सीलवर पाणी साचलेलं असेल तर ते आत ओढलं जातं. ओली गाडी आधी पुसा, निथळू द्या. चेनला तेलाचा हात फिरवा. पाऊस उघडला की कव्हर काढून ठेवा, ‘असू दे’ म्हणून आठवडाभर राहू देऊ नका.

आयपीएक्स ४ चं एका दमात सांगतो. त्यातला ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे, आणि चाचणी ५ ते १० मिनिटांची, नव्या कोऱ्या सीलवर. रात्रभराच्या संततधारेचं ते आश्वासन नव्हे. आयपीएक्स ५ मध्ये ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १२.५ लिटरची धार असते, ७ मध्ये एक मीटर पाण्यात अर्धा तास. आणि ७ पास झालेला भाग ५ पास होईलच असं नाही. शिवाय तो आकडा पूर्ण गाडीचा आहे की नुसत्या मोटरचा, ते पत्रकात नीट वाचा. तेव्हा कव्हर लागतंच, फक्त मी म्हणतो तसलं.

काही गोष्टी राहिल्या. मोटर पेडलच्या धुरीत असलेल्या गाडीत मोटरचं कव्हर स्वतः उघडू नका, बहुतेक वॉरंटी तिथेच संपते. बाहेरचे कनेक्टर सोडवण्याआधीही वॉरंटीचा कागद बघा. किनाऱ्याजवळ असाल तर ग्रीस दर दोन-तीन महिन्यांनी, कारण खाऱ्या ओलीतून वीज फार सहज वाहते. पाइपची जोरदार धार मारून गाडी धुणार असाल तर वरचं सगळं वाया. आणि जमिनीपर्यंतचं कव्हर आधीच घेऊन झालं असेल तर फेकू नका. खालून वीतभर कापा, वरच्या बाजूला दोन्हीकडे हाताच्या पंजाएवढ्या खिडक्या पाडून त्यांच्यावर पावसाळी झडपा शिवा, चालून जाईल.