सिलिकॉन ट्रॅकर बंद असतानाही थंड का?

प्रश्न: कणांच्या टकरींचा माग काढणारे सिलिकॉन डिटेक्टर शून्याखालच्या तापमानाला चालवतात. पण किरणपुंज बंद असतानाही शीतकरण चालू का ठेवतात?

उत्तर: आधी चालू असतानाचे बघू. ३०० मायक्रॉन जाड सेन्सरमधून वेगवान भारित कण गेला की साधारण २२ हजार इलेक्ट्रॉन-होल जोड्या (मोकळा इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा) सुटतात. सिग्नल एवढाच! किरणोत्साराने स्फटिकातले अणू जागचे हलतात आणि गळती प्रवाह, म्हणजे कण आला नसतानाही सेन्सरमधून वाहणारी वीज, वाढतो. तापमान सुमारे ७ अंशांनी चढले की तो दुप्पट होतो. त्यामुळे सेन्सर तापतो, तापल्यावर गळती आणखी वाढते. शीतकरण अपुरे असेल तर हे चक्र थांबत नाही.

बंद असतानाची अडचण वेगळी, आणि आमच्या मते जास्त फसवी. स्फटिकातले दोष तापमानानुसार रूप बदलत राहतात. २० अंशांना पहिले काही दिवस त्याचा फायदाच होतो. महिनोन्‌महिने तसेच ठेवले तर मात्र सेन्सर पूर्ण डिप्लीट करायला (म्हणजे त्याच्या सगळ्या जाडीतले मोकळे भार काढून टाकायला) लागणारे व्होल्टेज चढत जाते. ते वीजपुरवठ्याच्या मर्यादेपलीकडे गेले की सिग्नल कायमचा घटतो. शून्याखाली हा बदल जवळपास गोठतो.

दुरुस्तीसाठी उघडताना आधी बायस व्होल्टेज (सेन्सरला दिलेले व्होल्टेज) शून्यावर आणा, कोरडा नायट्रोजन चालू ठेवून तापमान खोलीच्या दवबिंदूच्या वर न्या, मगच झाकण काढा. थंड सेन्सरवर दव धरले आणि त्यावर व्होल्टेज दिले, तर कडेने ठिणगी पडून तो निकामी होऊ शकतो. उबदार राहिलेल्या प्रत्येक तासाची नोंद ठेवा.