सायकलच्या चाकात किती पौंड हवा?

प्रश्न : माझ्या हायब्रिड सायकलला ७०० × ३५ चे टायर आहेत. टायरवर ‘कमाल ८५ पीएसआय’ असं छापलंय, म्हणून तेवढी हवा मारतो. आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाऊन येईपर्यंत मनगटं बधिर होतात आणि उतारावरच्या वळणात बारीक खडी लागली की पुढचं चाक सरकतं. माझं वजन ६८ किलो. हवा कमी केली तर पंक्चर होईल, असं दुकानदार म्हणतात.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ‘कमाल’ म्हणजे याच्या वर जाऊ नका, एवढंच. तो आकडा छापताना तुमचं वजन आणि तुमचा रस्ता कुणी पाहिलेला नसतो. तुम्ही मागे ५५ आणि पुढे ४८ पौंडांपासून सुरुवात करा (पीएसआयलाच आपण पौंड म्हणतो). सायकलवर बसलं की मागच्या चाकावर भार जास्त येतो, म्हणून दोन्ही चाकांत सारखी हवा नको.

मग घराजवळचा दोनशे मीटरचा खडबडीत पट्टा निवडा. दर खेपेला तीन-तीन पौंड उतरवत, त्याच वेगाने तिथूनच चालवून बघा. हँडलची थरथर कमी होत जाईल. वळणात मागचं चाक लचकल्यासारखं वाटलं किंवा उभं राहून पायडल मारताना पुढचं चाक दबून जड झालं, की समजा जास्त उतरवलीत. पाच पौंड वाढवा आणि तो आकडा लिहून ठेवा. अंगठ्याने दाबून बघण्यावर विसंबू नका. चाळीसच्या वर सगळीच चाकं अंगठ्याला दगड लागतात. गेज असलेला उभा पंप घ्या आणि नेहमी तोच वापरा, कारण दोन गेजांचे आकडे क्वचितच जुळतात.

टणक टायर खडीवरून उडतो. रबराने क्षणभर जमीन सोडली आणि नेमका तेव्हाच वळणाचा ताण आला, तर चाक बाहेर जातं. मऊ टायर खडा पोटात घेतो. वेग कमी होईल ही भीतीही सोडा. खडबडीत रस्त्यावर टणक चाक तुम्हाला सायकलसकट वर उचलत राहतं, आणि ती ताकद तुमच्याच पायांतून जाते.

दुकानदारांचं म्हणणं अर्धं खरं आहे. हवा फारच कमी असेल तर खड्ड्याच्या कडेवर रिम आदळते आणि ट्यूब चिमटते. ट्यूब काढून बघा : शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती. एकच भोक असेल तर काटा, खिळा किंवा काच. त्यात हवेचा दोष नाही.

प्रश्न : पावसाळ्यात हवा कमी ठेवावी का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नेहमीपेक्षा तीन ते पाच पौंड कमी, बस. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही आणि ट्यूब तिथेच चिमटते. शेवाळावर, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, लोखंडी जाळीवर मात्र हवा कितीही ठेवा, पकड मिळत नाही. ब्रेक न लावता, हँडल सरळ ठेवून पार व्हा. ओल्या रबरात काच सहज शिरते. घरी आल्यावर चाक फिरवत टायर नीट बघा आणि रुतलेले तुकडे चिमट्याने काढा.

प्रश्न : घरची जुनी काळी सायकल आहे, टायर २८ × १½. कॅरिअरवर तीस किलो नारळ असतात. हवा मोजायची कशी?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : जुन्या काळ्या सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे हवा भरायच्या तोंडात, बारीक रबरी नळी असते. ती ताणूनच हवा आत शिरते, म्हणून पंपाचं गेज आतली खरी हवा दाखवत नाही. मोजपट्टी घ्या. नारळ बांधून, भिंतीला हात टेकून सायकलवर बसा आणि मागच्या चाकाजवळ जमिनीपासून रिमच्या कडेपर्यंतची उंची कुणाला तरी मोजायला सांगा. मग उतरा, ओझं काढा, पुन्हा मोजा. फरक पाच-सहा मिलीमीटर असावा, म्हणजे टायरच्या उंचीच्या साधारण १५ टक्के. दहा भरला तर हवा मारा. दोन-तीनच असेल तर थोडी हवा सोडा. ओझं मागे आहे, तेव्हा पुढच्या चाकाला हात लावायची गरज नाही.

हवा दोन दिवसांत उतरत असेल तर ट्यूब उघडण्याआधी व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावा. बुडबुडा आला तर आधी नळी बदला. नवी नळी ओली करून पिनच्या बाजूचं भोक पूर्ण झाकेल इतकी सरकवा.

प्रश्न : मुरुडच्या पुळणीवर २६ × २.१ चे टायर चालतील?
– एक वाचक, दापोली

उत्तर : ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर चालतील. मागे २२, पुढे १८ पौंड ठेवा. सुक्या भुसभुशीत वाळूत चाक रुतणारच. तिथे चार इंची टायर लागतो. मध्येच व्हॉल्व्ह तिरका दिसला तर टायर रिमवर सरकून ट्यूबला ओढतो आहे. लगेच थांबून हवा वाढवा, नाहीतर ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते. परत डांबरावर चढण्याआधी ३५-४० पौंड भरा आणि घरी पोचल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने सायकल धुऊन साखळीला तेल द्या.