वाचकांचे प्रश्न : कलादालनातला उजेड आणि नोंदवही

प्रश्न : आमच्या विद्यापीठाच्या कलादालनात जुनी जलरंगचित्रं वर्षभर टांगलेली असतात. काचेवर अतिनील किरण अडवणारी फिल्म लावली, तरी संध्याकाळच्या आभाळातला जांभळा निळसर पडत चाललाय. असं का?

उत्तर : फिल्म फक्त अतिनील किरण अडवते. रंग विटायला डोळ्यांना दिसणारा उजेडही पुरेसा असतो. आभाळातला जांभळा बहुधा तांबडा आणि निळा मिसळून केलेला असणार. त्यातला किरमिजीसारखा नाजूक तांबडा आधी उडतो, निळा मागे राहतो. गेरू, काव हे मातीचे रंग मात्र टिकतात. खात्री करायची तर चौकट उघडून माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीखाली) झाकलेली कड बघा. मूळ रंग तिथे जिवंत सापडेल. उडालेला रंग परत आणता येत नाही, हे आधीच मान्य करा.

कागदावरच्या जलरंगांसाठी साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक) ही मर्यादा धरतात, तैलचित्रांना २०० च्या आसपास चालतात. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, हिशेब उजेड गुणिले वेळ असा असतो. ५० लक्सवर रोज ८ तास, ९० दिवस म्हणजे ३६,००० लक्स-तास. खिडकीसमोरच्या भिंतीवर १,००० लक्स पडत असतील, तर तेवढाच मारा साडेचार दिवसांत होतो!

प्रकाशमापक चित्रालगत, भिंतीला समांतर आणि तोंड दालनाकडे करून धरा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, चारही कोपऱ्यांत व मध्यभागी मोजा. मोबाइलचं ॲप दोन भिंतींची तुलना करण्यापुरतंच ठीक. मग जाड पडदे लावा, दालन रिकामं असताना दिवे बंद ठेवा, आणि तीन महिने टांगलेलं चित्र उरलेलं वर्ष बंद खणात ठेवा. चित्रं बदलत राहणं कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच.

चौकट उघडलीच आहे तर मागे चिकटपट्टी आहे का तेही पाहा. तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. ती स्वतः ओढून काढू नका, कागदाचा पापुद्रा निघतो. ते काम कागद-संवर्धकाचं.

प्रश्न : दालन चित्रकला विभागाकडे असावं की ग्रंथालयाकडे?

उत्तर : आमचं मत ग्रंथालयाच्या बाजूने. विभागप्रमुखपद फिरतं असेल, तर प्रत्येक बदलात किल्ल्या हातात पडतात, नोंदवही पडेलच असं नाही. दाखल क्रमांक, म्हणजे संग्रहात आलेल्या प्रत्येक वस्तूला दिलेला क्रमांक, सांभाळायची ग्रंथालयाला सवय असते. काय लावायचं हे विभागांनी ठरवावं, पण ताबा एकाकडेच हवा. नोंदीत क्रमांक, माध्यम, मापं (आधी उंची, मग रुंदी), फोटो आणि सध्याची जागा लिहा. चित्रं हरवतात ती बहुतेक दालनातून नव्हे, अधिकाऱ्यांच्या खोल्यांतून. ‘शोभेसाठी’ नेलेल्या प्रत्येक चित्रामागे सही आणि परतीची तारीख घ्या, मग नेणारे कोणीही असोत.